चार वर्षांच्या तोंडून

न्यू साऊथ वेल्समध्ये लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसाला कायद्याने तक्रारदार व्हावं लागतं. १९९८ चा बालसंरक्षण कायदा आहे, त्याचं २७ वं कलम आम्हाला लागू होतं. मुलाला गंभीर इजा पोहोचण्याचा धोका आहे असा सबळ संशय आला की १३२ १११ या नंबरावर फोन करायचा किंवा ऑनलाइन कळवायचं. पुरावे गोळा करणं आमचं काम नाही, खात्री करून घेणं तर नाहीच. संशयाला आधार हवा, एवढंच. सांगलीला बालवाडीत शिकवत होते तेव्हा अशी काही जबाबदारी माझ्यावर नव्हती. पोराच्या पाठीवर वळ दिसले तर आईला बोलावून आम्ही दोन शब्द सुनवायचो, आणि बरेचदा ती बिचारी स्वतःचाही दंड उघडून दाखवायची. पुढे काय करायचं ते ना तिला ठाऊक, ना आम्हाला. त्यामुळे इथला कायदा मला जाच वाटला नाही कधी. उलट हायसं वाटलं.

कॅसल हिलला आल्यावर डिप्लोमा केला आणि तेव्हापासून प्रीस्कूल रूममध्ये आहे. तीन ते पाच वर्षांची मुलं, दहा मुलांमागे एक मोठं माणूस. आम्हाला आया म्हणायचं नाही, एज्युकेटर म्हणायचं; पगार मात्र कित्येक वर्षं आयाचाच होता, सरकारने २०२४ च्या डिसेंबरपासून त्यात थोडी भर घालायला सुरुवात केली. २०१९ मध्ये मेट्रो आली आणि स्टेशनाभोवती उंच इमारती उठल्या. भारतीय, चिनी, कोरियन, इराणी, सगळ्यांची मुलं आमच्याकडे येतात. सकाळी हजेरी घेताना जिभेला चांगला व्यायाम होतो.

मी फोन केलेले आहेत. कशाबद्दल ते लिहिणार नाही, लिहिता येतही नाही. फोन ठेवल्यावर पुढे काय झालं हे आपल्याला बहुधा कळत नाही. मूल दुसऱ्या दिवशी येतं, डबा उघडतं, सनस्क्रीन लावून घेताना कुरकुर करतं, आणि आपण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहतो. फोन करावा की नाही हे ठरवायला सरकारची एक ऑनलाइन प्रश्नावली आहे, हो किंवा नाही म्हणत पुढे जायचं. शेवटी ती सांगते: ताबडतोब कळवा, किंवा चोवीस तासांत कळवा, किंवा जाणकाराचा सल्ला घ्या, किंवा नोंद ठेवा आणि संबंध चालू ठेवा. हे शेवटचं उत्तर आलं की नव्या मुलींना वाटतं, सुटलो. खरं तर सगळ्यात जास्त काम त्याच उत्तरात असतं.

यंदाच्या जानेवारीत, नवं वर्ष सुरू होण्याआधीच्या ट्रेनिंगला, आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलीने विचारलं: मूल कट्टरपणाचं काही बोलायला लागलं तर तेही कळवणं सक्तीचं करायला नको का? महिनाभरापूर्वी, १४ डिसेंबरला, बाँडायच्या किनाऱ्यावर हनुक्काच्या कार्यक्रमात गोळीबार होऊन पंधरा माणसं गेली होती. बंदूक चालवण्याचा आरोप होता तो एका बापावर आणि त्याच्या मुलावर. मुलगा चोवीस वर्षांचा. ‘तोही कधीतरी चार वर्षांचा असेलच ना,’ ती म्हणाली. ट्रेनिंग घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, शंका आली तर लिहून ठेवा, आणि पुढची स्लाइड लावली. वेळ संपत आली होती, त्यांनाही दोष देता येत नाही. पण त्या मुलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, फक्त ते पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं.

प्रश्न नवाही नाही. २ ऑक्टोबर २०१५ ला पॅरामॅटाच्या पोलीस मुख्यालयाबाहेर पंधरा वर्षांच्या एका मुलाने कर्टिस चेंग या पोलीस खात्यातल्या हिशेबनिसाला गोळी घालून मारलं. पॅरामॅटा आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. शाळकरी मुलाने हे केलं म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे शाळांकडे वळले. राज्य सरकारने त्याच वर्षी चार कोटी सत्तर लाख डॉलरची योजना आणली. २०१७ मध्ये कुटुंबीयांसाठी, मित्रमंडळींसाठी ‘स्टेप टुगेदर’ नावाची हेल्पलाइन सुरू झाली, जिथे पोलिसांशी न बोलता शंका विचारता येते. त्याच २०१५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने एक पुस्तिकाही काढली होती. तिच्यात ‘कॅरन’ नावाच्या काल्पनिक मुलीचं उदाहरण होतं: ही मुलगी घरापासून दूर शिकायला जाते, वेगळ्या धाटणीच्या संगीताच्या नादी लागते, मग झाडं वाचवण्याच्या चळवळीत शिरते. देशभर त्याची टिंगल झाली. शिक्षक विचारायला लागले, आमच्या वर्गात निम्म्या कॅरन आहेत, कुणाकुणाला कळवू?

ब्रिटन एक पायरी पुढे गेलं. त्यांनी २०१५ च्या कायद्याने शाळांबरोबर नर्सरींवरही मुलांना कट्टरतेपासून रोखण्याचं कर्तव्य टाकलं. १ जुलै २०१५ पासून ते लागू झालं. पुढच्याच वर्षी, मार्च २०१६ मध्ये, ल्यूटनमधली एक हकीकत बाहेर आली. चार वर्षांच्या मुलाने वडील काकडी कापतायत असं चित्र काढलं. हातात मोठी सुरी. काय आहे म्हणून विचारल्यावर तो म्हणाला ‘क्यूकम्बर’. नर्सरीतल्या बाईंना ऐकू आलं ‘कुकर बाँब’. आईला बोलावलं, आणि मुलाला कट्टरता रोखण्याच्या सरकारी कार्यक्रमाकडे पाठवण्याची भाषा सुरू झाली. पुढे काही झालं नाही, पण आईच्या पायाखालची जमीन काही दिवस सरकलीच असणार.

लोक ही हकीकत विनोद म्हणून सांगतात. मला हसू येत नाही, कारण चार वर्षांचं मूल कसं बोलतं ते मी रोज ऐकते. नाक वाहतंय, घरी एक भाषा आणि सेंटरमध्ये दुसरी. ती बाई मूर्ख होती असं मी म्हणणार नाही. कायद्याने तिला जे ऐकायला बसवलं होतं ते तिला ऐकू आलं.

आता माझ्या रूममधली गोष्ट. काही वर्षांपूर्वीची आहे, आणि ओळख पटू नये म्हणून दोनचार तपशील बदलले आहेत.

फेब्रुवारी म्हणजे इथे वर्षाची सुरुवात. मोठी मुलं शाळेत गेलेली, नवी आलेली, निम्मी दारात आईला चिकटून रडणारी. त्यात १९ फेब्रुवारी, शिवजयंती. शनिवार-रविवारी कुठल्याशा हॉलमध्ये कार्यक्रम झाला असावा, कारण सोमवारी आमच्याकडचा एक मराठी मुलगा कपाळावर चंद्रकोर आणि हातात प्लास्टिकची तलवार घेऊन हजर. तलवार ऑफिसच्या कपाटात गेली, चंद्रकोर राहिली. मॅट टाइमला मुलं वीकेंडला काय केलं ते सांगतात: कुणी पोहायला गेलं, कुणाच्या कुत्र्याला लस दिली. याची पाळी आली तसा तो उभा राहिला आणि अफझलखानाचा वध सांगायला लागला. चांगला सांगितला हो! उंच खान, मिठी, चिलखत, हातात लपवलेली वाघनखं. इंग्रजी तोकडं पडलं तिथे हातवारे केले. शेवटी बोटं वाकडी करून त्याने हवेत खसकन ओढली आणि म्हणाला, ‘अँड ही कट खान्स टमी!’

मॅटवर तिसऱ्या रांगेत एक मुलगा बसलेला होता. मूळ पेशावरकडचं कुटुंब, आडनाव खान. त्याने दोन्ही तळवे पोटावर ठेवले आणि टी-शर्ट खाली ओढून घेतला.

त्यानंतरचे दोन दिवस वाळूच्या खड्ड्यात तोच खेळ चालला. नख्या काढून पळणारा एक, पुढे पळणारा दुसरा. लांबून पाहिलं तर दोघंही हसतायत असं वाटायचं. जवळ गेलं की कळायचं, पुढे पळणारा हसत नाहीये. बुधवारी तो पडला, गुडघा सोलवटला. गुडघा सोलवटला म्हणजे इन्सिडेंट फॉर्म, आणि फॉर्म म्हटला की कसं, का, कोण.

आमची रूम लीडर इथलीच, कॅसल हिलमध्येच वाढलेली, कामाला चोख. तिने मला बाजूला घेतलं. ‘हा रोज म्हणतोय, खान वाईट, खानचं पोट फाडायचं. हे येतंय कुठून?’ मी तिला महाराजांची गोष्ट दोन मिनिटांत सांगायचा प्रयत्न केला. विजापूर, प्रतापगड, १६५९. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे घरी त्याला पोट फाडण्याची गोष्ट सांगतात.’ तिच्या बाजूने पाहिलं तर काय चुकलं त्यात? एका विशिष्ट समाजाच्या माणसाला ठार मारण्याची गोष्ट, तीही कौतुकाने सांगितलेली. मूल ती खेळात आणतंय आणि त्याच समाजाच्या दुसऱ्या मुलाच्या मागे लागलंय. कट्टरतेच्या खुणांची यादी तिच्या हातात असती तर तीनचार चौकटींत सहज बरोबरची खूण झाली असती. आम्ही दोघींनी मिळून प्रश्नावली उघडली. हो, नाही, नाही, नाही. उत्तर आलं: नोंद ठेवा, संबंध चालू ठेवा.

मुलाला न्यायला आजी यायची. वाईची, सहा महिन्यांसाठी आलेली. तिला मी काकू म्हणायचे. फाटकाशी मी तिला सगळं सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘अगं, मी तर कबरीचंसुद्धा सांगितलं होतं गं त्याला. महाराजांनी खानाची कबर बांधवली गडाखाली, वैर तिथंच संपलं म्हणून. पण हे मेलं नख्याच धरून बसलं.’ पटलं मला. मुलं गोष्टीतलं जे हाताने करता येतं ते उचलतात. कबर करून दाखवता येत नाही.

पण गोष्ट एवढीच नव्हती. मुलगा आणखीही काही बोलला होता, आणि ते वाक्य आजीचं वाटत नव्हतं. सगळे खान वाईट असतात, पप्पांच्या फोनमधल्या माणसाने सांगितलं. म्हणून शुक्रवारी वडील आले तेव्हा मी त्यांना थांबवलं. सज्जन माणूस, नॉर्वेस्टला नोकरी, कार्यक्रमांना खुर्च्या मांडायला पहिला.

‘ताई, इतिहास आहे तो. पुसायचा का आपण?’

‘पुसायचा कशाला? पण त्याच्या वर्गात एक खान आहे.’

‘अहो, तो अफझलखान. हा बिचारा...’

‘हे तुम्हाला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे?’

ते गप्प झाले. मग फोनमधल्या माणसाचं विचारलं, तर चेहरा बदलला. ग्रुपवर काय काय येतं, बघतो आम्ही, पोरगं शेजारी बसलेलं असतं, लक्ष राहत नाही. मग जरा चढ्या आवाजात: ‘तुम्ही हे कुठे लिहिणार आहात का?’

त्याच संध्याकाळी दुसऱ्या मुलाची आई आली. गुडघ्याचा फॉर्म तिला सही करायला दिला. ती त्या मुलाबद्दल तक्रार करील, अशी मी तयारी ठेवली होती. तिने फॉर्म दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, ‘दीदी, इस में मेरे बेटे ने कुछ किया, ऐसा तो नहीं लिखा है ना?’ मग म्हणाली, परवा रात्री तो विचारत होता, आपण वाईट आहोत का. त्याला तिने काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दोघांचीही विचारणा एकच: काय लिहिणार? एकाला राग आला होता, एक घाबरली होती. गंमत म्हणजे (गंमत कसली!) जो घाबरायला हवा होता तो रागावला, आणि जिच्या पोराला पळवलं होतं ती घाबरली. पाटी उलटी फिरवून बघा. समजा, खान आडनावाच्या मुलाने मॅटवर उभं राहून एखाद्या हिंदू राजाचं पोट फाडल्याची गोष्ट अशीच हातवारे करून सांगितली असती. प्रश्नावलीची उत्तरं तीच आली असती. पण त्या दिवशी आमच्या ऑफिसात किती जणींनी ‘तरीपण एक फोन करून टाकू या’ म्हटलं असतं? मला आकडा नको आहे. मला त्या खोलीतली हवा माहीत आहे. आणि आमच्या शिवजयंतीला कुणी कट्टरता म्हणणार नाही याचं मला बरं वाटतं, तसंच ते ऐकून थोडं चोरट्यासारखंही होतं, कारण पप्पांच्या फोनमधला माणूस आमच्यापैकी पुष्कळांच्या फोनमध्ये आहे.

मी सांगलीची आहे, त्यामुळे हे चित्र कुठवर जातं ते मला ठाऊक आहे. सप्टेंबर २००९ मध्ये, गणपतीत, मिरजेत अफझलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली. दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. बालवाडी बंद. पुन्हा उघडली तेव्हा मुलं पटांगणात नवीन खेळ खेळत होती: एकाने शिट्टी वाजवायची, बाकीच्यांनी पळत जाऊन भिंतीला चिकटायचं. खेळाचं नाव ‘कर्फ्यू’. त्यात दोन्हीकडची पोरं होती. आम्ही तो खेळ बंद केला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांच्या परंपरेत आमचं ट्रेनिंग झालेलं, मूल खेळतंय म्हणजे पचवतंय असं शिकवलेलं. एका शिक्षिकेने फक्त एवढं केलं की शिट्टी रोज वेगळ्या पोराच्या हातात दिली.

पुढे इथे वाचायला मिळालं की लंडनमध्ये पेनी हॉलंड यांनी हेच जास्त नेटकेपणाने मांडलं आहे. २००३ मध्ये त्यांचं बंदुकीच्या खेळांवरचं पुस्तक आलं. पाळणाघरांतून खेळातल्या बंदुका-तलवारींवर सरसकट बंदी घातली की तो खेळ खेळणारी मुलं सतत ओरडा खातात आणि त्यांचा खेळ तिथेच अडकून राहतो. मोठ्यांनी त्यात शिरून वाट दिली तर तो पुढे सरकतो. आमच्याकडेही तेच झालं. काकूंना मी म्हटलं, कबरीचं परत सांगा. पुढच्या आठवड्यात मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, मग महाराजांनी खानाला झोपवलं, दगडाचं बेड करून. तो वाळूत बेड करायला लागला, आणि दगड गोळा करायला त्याला माणूस हवा होता. कोण आलं ते सांगायला नको. फार गोड शेवट झाला असं समजू नका. नख्या राहिल्याच, महिनाभराने त्या डायनोसॉरच्या झाल्या. वडील नंतर बराच काळ मला नुसतं ‘हॅलो’ म्हणायचे.

चार वर्षांच्या मुलाला गट कळतात, यात मात्र मला शंका नाही. ‘लहान आहेत हो, त्यांना काय कळतंय’ असं म्हणणारी माणसं मुलांशी फारशी बोलत नसावीत. उत्तर आयर्लंडमध्ये पॉल कॉनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या ३५२ मुलांना झेंडे, पोलीस, मिरवणुकांची चित्रं दाखवून नुसतं बोलतं केलं. २००२ मध्ये तो अहवाल आला. तीन वर्षांच्या मुलांमध्येसुद्धा कॅथलिक-प्रॉटेस्टंट आवडीनिवडी दिसत होत्या आणि सहाव्या वर्षी सुमारे १५ टक्के मुलं दुसऱ्या समाजाबद्दल उघड द्वेषाचं बोलत होती. तीन दशकं बाँब फुटलेल्या त्या प्रदेशात यावर काय केलं, तर मुलांची यादी केली नाही. दोनच वर्षांत टीव्हीवर छोटी कार्टून आणली, पाळणाघरातल्या शिक्षिकांना शिकवलं, आईवडिलांना त्या खोलीत आणून बसवलं.

आमच्या या टेकडीवरही हे सगळं होऊन गेलं आहे. १८०४ च्या मार्चमध्ये कॅसल हिलच्या सरकारी शेतावरच्या आयरिश कैद्यांनी बंड केलं. त्यांच्या म्होरक्याला, फिलिप कनिंगहॅमला, फासावर चढवलं. त्याच्या आदल्या वर्षीच गव्हर्नर किंगने फादर डिक्सन यांना कॅथलिक प्रार्थनेची परवानगी दिली होती. बंडानंतर ती काढून घेतली, जणू प्रार्थनेनेच बंड केलं. आणि दोनशे वर्षांनी याच भागात, ॲनान्ग्रोव्हला, मुसलमानांच्या प्रार्थनागृहाच्या अर्जावर लोकांच्या हरकतींचा पाऊस पडला. कौन्सिलने २००२ मध्ये परवानगी नाकारली. २००३ मध्ये कोर्टाने दिली. ते प्रार्थनागृह आज उभं आहे. त्याच्यावरून कधी गाडीने गेले की गुडघ्याच्या फॉर्मवर सही करणारी ती बाई आठवते. तिची भीती हवेतून आली नव्हती.

मग त्या तरुण मुलीच्या प्रश्नाचं काय? कारण तिच्या बाजूनेही उदाहरणं आहेत आणि ती भयंकर आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये सिडनीच्या हाइड पार्कजवळच्या निदर्शनांत एका लहानग्याच्या हातात शिरच्छेद करा असं सांगणारा फलक होता. सिडनीहून सीरियाला गेलेल्या खालेद शरूफने २०१४ मध्ये आपल्या सात वर्षांच्या मुलाच्या हातात कापलेलं मुंडकं देऊन फोटो काढला आणि जगाला दाखवला. तो पोरगा जायच्या आधी इथल्याच कुठल्यातरी वर्गात बसून चिकटकाम करत असेल. अशा घरातलं काही बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडणार असेल तर ते आमच्याच पडेल, हे ती मुलगी बरोबर बोलली.

मी तिला नंतर चहाच्या वेळी सांगितलं ते असं. मुलाला घरी गळे कापण्याचे व्हिडिओ दाखवत असतील आणि ते झोपेत किंचाळत उठत असेल, तर फोन कर. त्याला मारून द्वेष शिकवत असतील, तर फोन कर. कुठेतरी लढाईवर न्यायची भाषा होत असेल, तर त्याच क्षणी कर, मला विचारायलाही थांबू नकोस. यासाठी नवा कायदा नको. मानसिक इजा ही आत्ताच्या कायद्यातही इजाच आहे, मग ती कुठल्या देवाच्या किंवा झेंड्याच्या नावाने होवो. नव्या सक्तीने भर पडेल ती दुसऱ्याच गोष्टींची: मूल काय बोललं, काय चितारलं, कुणासारखं खेळलं. आणि ते काही त्याचं मत नसतं. दहा वर्षांच्या आतलं मूल गुन्हा करूच शकत नाही असं हेच राज्य म्हणतं, मग चौथ्या वर्षी त्याच्या विचारांची फाइल कशासाठी उघडायची?

शिवाय भरमसाट कळवण्याचा अनुभव या राज्याने घेतलेला आहे. २००७-०८ मध्ये बालसंरक्षणाच्या फोनवर वर्षाला तीन लाखांच्या आसपास खबरी येत होत्या. चूक नको म्हणून जो तो कळवत होता, आणि त्या ढिगाखाली खरोखर जिवावर बेतलेली मुलं राहून गेली. न्यायमूर्ती जेम्स वूड यांच्या आयोगाने ते लिहून ठेवलं, तेव्हा २०१० मध्ये कायद्यातला उंबरठा वर नेला: साधा धोका नव्हे, गंभीर धोका. आता पुन्हा सर्टिफिकेट थ्री करून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात, तासाभराच्या ऑनलाइन मॉड्यूलवर, शब्द हुंगण्याचं काम द्यायचं? ती घाबरून सगळंच कळवील. मीही कळवीन.

माझी खरी काळजी फाटकाची आहे. मला जे काही कळतं ते फाटकाशी कळतं. काकू बोलल्या, वडील चिडून का होईना बोलले, ती आई फॉर्म हातात धरून बोलली. आपण बोललेलं सरकारदरबारी जाऊ शकतं हे तिघांनाही ठाऊक असतं, मारहाणीच्या बाबतीत ते मान्यही असतं. पण घरातल्या गोष्टी, पूजा, नमाज, आजीच्या कहाण्या हेसुद्धा ऐकून कुठे कळवायचं असतं असं एकदा पसरलं की आधी कोण बोलायचं थांबेल? खुर्च्या मांडणारे वडील नाही थांबणार. ती थांबेल. आणि खरोखर काही बिनसलेल्या घरातली आई, जिला नवऱ्याची किंवा दिराची भीती वाटते आणि जी कुणालातरी सांगायला टेकलेली आहे, ती तर आमच्या सेंटरला मुलाला पाठवणंच बंद करील.

ती मुलगी म्हणाली, मग आम्ही काय करायचं, नुसतं बोलत बसायचं? हो. पण त्यालाही वेळ लागतो, आणि वेळ आमच्याकडे नाही. साडेपाच ते सहा पिकअपची गर्दी. मी फाटकाशी कुणाशी बोलायला थांबले तर मागे दहाजणांवर डोळा ठेवायला कुणी नाही, आणि दहाचे अकरा झाले तर तो कायद्याचा भंग. म्हणून मी काकूंशी बोलले ते एका हातात दुसऱ्याचं मूल धरून, आणि वडिलांशी बोलले ते माझी सुट्टी झाल्यावर, बिनपगारी. सरकारला कट्टरतेची एवढी काळजी असेल तर नव्या कलमाच्या आधी एक करावं. प्रत्येक सेंटरला संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासासाठी एक जास्तीचं माणूस द्यावं, पगारासकट.